दवाखान्याच्या टाकीचं कार्ड

पहिल्यांदा कार्ड चाललं नाही तेव्हा दादाने ते शर्टाला पुसलं. दुसऱ्यांदा चाललं नाही तेव्हा त्याने यंत्र पुसलं. तिसऱ्यांदा तो वळून माझ्याकडे बघायला लागला, जणू मी विज्ञानाची पदवी या क्षणासाठीच घेतली होती.

आम्ही शोभेच्या माशांच्या घाऊक गोदामात उभे होतो. दोन्ही बाजूंना छतापर्यंत काचेच्या टाक्या, हवेच्या पंपांची एकसुरी गुरगुर, पायाखाली ओली रबरी चटई. गल्ल्यावर आमच्या पिशव्या भरून तयार होत्या. प्रत्येक पिशवीत तळाला थोडं पाणी, वर भरपूर प्राणवायू, आणि पाण्यात निळ्या-लाल रेघेचे इवलेसे निऑन मासे. सगळे एकाच दिशेला तोंड करून थांबले होते. त्यांनाही निकाल ऐकायचा असावा.

"पैसे कमी आहेत म्हणतंय," गोदामवाले काका चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले.

"काका, यंत्र बिघडलंय तुमचं."

"तुझ्या आधीच्या सगळ्यांचं नीट चाललं. तुझ्याच वेळी बिघडायला यंत्राचं काय तुझ्याशी वाकडं आहे?"

माझा भाऊ माशांच्या टाक्या बसवतो. हॉटेलांत, व्यायामशाळांत, जिथे लोकांना नुसतं बसून राहावं लागतं अशा कुठल्याही खोलीत. हात फार चांगला आहे त्याचा. टाकीत दगड असा ठेवतो की वाटावं, पाण्यानेच तो वाहून आणलाय. पण पैसे मागायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटते. गिऱ्हाईकाने स्वतःहून "किती झाले?" विचारलं तरी हा म्हणतो, "बघू हो, कुठे पळून चाललाय." काच, पंप, दिवे, मासे सगळं आधी आपल्या खिशातून आणायचं आणि गिऱ्हाईक देईल तेव्हा घ्यायचं, ही त्याची पद्धत. मधले महिने क्रेडिट कार्ड सांभाळायचं. बँक कळवायची, किमान इतकी रक्कम भरा. दादा आज्ञाधारक मुलासारखा तेवढीच भरायचा. उरलेल्यावर व्याज, त्या व्याजावर व्याज. चक्रवाढीचा आलेख मी शाळेत सुबक काढला होता, पण तो घरात राहायला आला की कसा दिसतो ते तेव्हाच कळलं. शेवटी वहिनीची मुदत ठेव मोडली तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं.

वहिनी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गोळ्यांची पाकिटं कापायच्या कात्रीने तिने क्रेडिट कार्डाचे तुकडे केले आणि दोन नियम घालून दिले. पहिला, प्रत्येक कामाला वेगळं प्रीपेड कार्ड. कामाचा अंदाज सगळ्यांनी मिळून काढायचा, तेवढेच पैसे ती आपल्या फोनवरून त्या कार्डात भरणार, आणि संपले की संपले. औषध मोजून देणाऱ्या बाईचा हात तो, थेंबभरसुद्धा वर जात नाही. दुसरा नियम, पुन्हा कुठेही उधारी केली तर हा धंदा बंद आणि मामांच्या फरशीच्या दुकानात नोकरी. मामा एका पायावर तयार होते. त्यांनी दादाच्या शर्टाचं मापही विचारून ठेवलं होतं.

आजच्या कार्डावर वहिनीने मार्करने 'दात' असं लिहिलं होतं, कारण टाकी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्यातली होती. उद्या दवाखाना सुरू व्हायचा होता. टाकी बसवून महिना झाला होता, पाण्यात चांगले जिवाणू वाढले होते, आणि मी काल तपासलं तेव्हा अमोनिया शून्य होता. आता फक्त मासे सोडायचे बाकी होते.

मी फोनवर कार्डाचं खातं उघडलं. शिल्लक दोन ओळींत दिसत होती. वरची ओळ, एकूण शिल्लक, अगदी बरोबर होती. खालची, 'वापरता येईल अशी' शिल्लक, जवळजवळ कोरडी होती.

"दादा, सकाळी व्हॅन भाड्याने घेतलीस, तिची अनामत कुठून दिलीस?"

"याच कार्डावरून. पण ती परत येते! म्हणून तर खर्चात धरली नव्हती ना आपण."

"परत येते, पण केव्हा?"

"व्हॅन दिली की लगेच."

"व्हॅन दिल्यावर आठवडाभरात. बारीक अक्षरांत लिहिलंय. तोवर पैसे इथेच आहेत, पण हात लावायचा नाही."

आमचं चुकलं ते इथे. क्रेडिट कार्ड होतं तेव्हा दादा सर्रास अशा व्हॅन घ्यायचा. अनामत तेव्हाही अडकायची, पण ती बँकेच्या पैशांतली, त्यामुळे आमच्या खिशाला तिचा पत्ताच नसायचा. प्रीपेड कार्डात दुसऱ्याचे पैसे नसतातच. अडकतात ते आपले. अंदाज काढताना 'अनामत शून्य' या ओळीवर आम्ही तिघांनी माना डोलावल्या होत्या, वहिनीनेसुद्धा. आणि ती ओळ खोटी नव्हती. पुढच्या आठवड्यात ती खरी ठरणार होती.

"दुपारी एक हॉटेलवाला येतोय," काका म्हणाले. "तुम्ही नाही उचललेत तर तो हे सगळे नेईल. निऑनचा पुढचा माल पंधरवड्याने."

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. रिकाम्या टाकीसमोर उद्याचे पाहुणे बसणार, डॉक्टरीणबाई दुसऱ्या कोणाला तरी बोलावणार, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून सरकताना मला दिसत होतं.

"तोंड कशाला पाडतोस?" काकांनी आपला फोन पुढे केला. "आमचं ॲप आहे ना. आत्ता न्या, पुढच्या महिन्यात द्या. हे बघ, तुझं आधीच मंजूर झालंय. नुसता अंगठा टेकव."

स्क्रीनवर एक कार्टूनमधला मासा खदाखदा हसत होता. दादाचा अंगठा हळूहळू वर आला.

"बिनव्याजी आहे गं," तो मला म्हणाला.

"पहिला महिना. खाली वाच."

"महिन्यात मॅडम देतीलच की."

"मागच्या वेळी कोणी दिले होते महिन्यात?"

"प्रोफेसर, तू जरा गप्प बस."

अंगठा काही क्षण तसाच हवेत राहिला. मग दादाने तो खिशात कोंबला, चोराला कोठडीत टाकावं तसा, आणि दुसऱ्या हाताने वहिनीला फोन लावला.

"बोल पटकन, काउंटरला रांग आहे. आजी, ही जेवणाआधी, ती जेवणानंतर. नाही, दोन्ही एकदम नाही. हं, काय झालं?"

दादाने सांगितलं.

"खात्यात घरभाड्याचे आहेत," वहिनी म्हणाली. "टाकू?"

दादाचा चेहरा उजळला.

"पण मग परवा घरमालकांशी तू बोलायचंस."

"मी?"

"मग काय, मासे बोलणार?"

चेहरा पुन्हा विझला.

"मला एक सांग, डॉक्टरांकडून आगाऊ किती घेतलेस?"

दादा छताकडे बघायला लागला. छतावर काहीही नव्हतं.

"मागितलेच नाहीस ना?"

"अगं, एवढ्या मोठ्या डॉक्टर. बरं दिसत नाही."

"टाकी कोणाची आहे?"

"त्यांची."

"मग त्यांनाच विचार. आजी, थांबा, सुटे देते." आणि फोन बंद.

दादा टाक्यांच्या दोन रांगांमध्ये फेऱ्या मारायला लागला. तो तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होता. "मॅडम, जरा अडचण होती" असं सुरू करायचा आणि गोल्डफिशपाशी पोचेपर्यंत "तशी काही घाई नाही" वर यायचा. वळायचा, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा तिथेच. मी त्याच्याकडे बघत राहिले. सगळे नातेवाईक त्याला उधळ्या म्हणतात, पण त्याचे बूट मी कॉलेजात गेले तेव्हापासूनचे आहेत. त्याने कधी चैन केलीच नव्हती. त्याला फक्त एका माणसाशी एक वाक्य बोलायचं टाळायचं असायचं. त्या टाळण्याचं भाडं बँक घेत होती, एवढंच.

"काका, हॉटेलवाला किती वाजता येतो?" मी विचारलं.

"आलाच समज."

दादाने ऐकलं. फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मला धरायला दिला. स्वतःचे दोन्ही हात त्याने खिशात घातले.

"हॅलो मॅडम, मी टाकीवाला. कामात आहात का? मग मी नंतर..."

मी त्याला कोपर मारलं.

"कामातच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुन्याच दवाखान्यात आहे, समोर माणूस तोंड उघडून बसलाय. बोला."

"ते मासे तयार आहेत. छान आहेत. तब्येती चांगल्या आहेत सगळ्यांच्या."

"बरं झालं."

"तर मासे, म्हणजे पैसे... माशांचे पैसे मला इथे आत्ता द्यायचेत."

"किती?"

या प्रश्नाची तयारी त्याने केलेली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं, आणि मग त्याला कुठून बळ आलं देव जाणे. "मॅडम, नुसते माशांचे नकोत. एकूण कामाची निम्मी रक्कम द्या. उरलेली निम्मी मासे सोडून झाल्यावर."

पलीकडे दात कोरायच्या यंत्राची शिट्टी थांबली. इकडे काकांनीही कान टवकारले.

"अहो, सुटले एकदाची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या कोटेशनमध्ये आगाऊ काही लिहिलंच नव्हतं. जो आधी मागत नाही तो शेवटी भलतंच बिल हातात ठेवतो, असा माझा अनुभव. मी महिनाभर धास्तावून बसलेय."

"मला? मला धास्तावून?"

"मग? देते मी. पण वर्षभर देखभाल फुकट करायची."

जुना दादा लगेच हो म्हणाला असता, वर दोन वर्षंही म्हणाला असता. मी त्याच्या बुटावर बूट ठेवला.

"तीन महिने," दादा म्हणाला.

"सहा."

मागून "आँ, आँ" असा आवाज आला.

"बघा, पेशंटसुद्धा सहा म्हणतोय."

"त्याचं तोंड उघडं आहे मॅडम, तो काहीही म्हणेल. चार."

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. "चार तर चार. पाठवते आता. हं, तुम्ही हलू नका हो, तुम्हाला नाही म्हटलं."

पैसे वहिनीच्या खात्यात जमा झाले, कोटेशनवर तिचंच खातं होतं. तिने त्यातले बरोबर माशांपुरते कार्डात भरले आणि दादाला निरोप पाठवला, 'बाकीचे काचेचे आणि दिव्यांचे, ते ठेवून घेतले.' चौथ्यांदा कार्ड लावलं तेव्हा यंत्राने गुणी मुलासारखा बारीक टिंग आवाज केला.

दादाने पिशव्या उचलल्या, दारापर्यंत गेला, आणि परत आला.

"काका, एवढी खरेदी झाली, तळ साफ करणारे दोन मासे वर द्या की."

"वर? कधी मागितलं होतंस याआधी?"

"आज मागतोय."

"याला आवर गं बाई, सुटलाय हा," काका मला म्हणाले. पण जाळी बुडवून त्यांनी एक मासा काढून दिला. दुसरा मागायच्या आत मी दादाला बाहेर ओढलं.

व्हॅनमध्ये पिशव्यांचं खोकं मी मांडीवर घेतलं. दादा गाडी चालवताना शीळ घालत होता. सिग्नलला थांबलो की मान वळवून पुन्हा सगळं सांगायचा, जणू मी तिथे नव्हतेच. "मी म्हटलं चार. ऐकलंस ना? सरळ चार." दुसऱ्या सिग्नलला तो म्हणाला, "मागणं इतकं सोपं असतं हे मला कोणी सांगितलं कसं नाही?"

वेळ बरी दिसत होती.

"दादा, गेले आठ महिने मी तुझं पाणी तपासतेय. गाळण्या धुते, अंदाज काढते, आज फोनपण धरला."

"हो ना, तुझ्याशिवाय पान हलत नाही माझं."

"तर माझे पैसे?"

शीळ थांबली. "तुझे? अगं, तू तर घरचीच आहेस."

"वहिनीपण घरचीच आहे. तिची ठेव मोडली."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. दादाने गाडी काढली. "किती म्हणतेस?"

मी आकडा सांगितला. घरी आरशासमोर ठरवून ठेवलेला आकडा होता तो.

"बाप रे. डॉक्टरांना एवढा नाही घाबरलो मी," तो म्हणाला. "बरं. पुढच्या महिन्यात सगळे एकदम देतो. चालेल?"

"चालेल," असं माझ्या तोंडून निघूनही गेलं. खूप मोठ्या मनाची झाल्यासारखं वाटलं. पुढच्या वळणावर लक्षात आलं, की मी आत्ता दादाला उधारी दिली.

"नाही चालणार," मी म्हटलं. "निम्मे आज."

"आज कुठून? कार्डात दमडी उरलेली नाही."

"वहिनीला विचार."

"तू विचार ना. तुझं ऐकते ती."

"कामाला मला कोणी ठेवलंय, तू की मी?"

त्याने तोंड वाकडं केलं. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि फोन लावला. मी खोक्यातल्या पिशव्यांवर हात ठेवून बसले. पाणी अजून तापलेलं नव्हतं.

"आता काय?" वहिनीचा आवाज आला. "आजोबा, झाकण दाबून फिरवायचं. दाबून. हं, बोल रे."

दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात मागून मोकळा झाला.