त्या चेंडूचा सत्कार

"...अशा या थोर खेळाडूचा सत्कार करताना आम्हाला अतिशय आनंद होतोय!" बुद्धभूषण माइकवरून गरजला आणि त्याने अर्लकाकांच्या खांद्यांवर शाल घातली. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल टाळ्यांनी दणाणला. बाबासाहेबांच्या जयंतीला यंदा अमेरिकन पाहुणा, तोही नामांकित! पाहुणा आणला होता बुद्धभूषणनेच, त्यामुळे स्वारीची छाती चांगलीच फुगली होती.

टाळ्या थांबल्या आणि पहिल्या रांगेतून त्याच्याच लेकीचा, अकरा वर्षांच्या हर्षिताचा आवाज आला, "बाबा, ही इज द गाय हू गेव्ह अप दॅट होम रन!"

"म्हणजे? बेसबॉलमधला तो सिक्सर यांनीच मारला ना?"

"नो! यांच्या बॉलवर मारला. फायनलमध्ये, लास्ट इनिंगला. दे लॉस्ट, बाबा. एव्हरीबडी नोज!"

मागच्या दोन-चार मुलांनी माना हलवल्या. हॉलभर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी फिसकन हसलंही.

आता बुद्धभूषणचं तरी काय चुकलं? नागपूरहून येऊन सहा वर्षं झाली, तरी बेसबॉल त्याला ओ की ठो कळत नव्हता. अर्ल त्याच्या कारखान्यात हत्यारांचं स्टोअर सांभाळत. बर्फात गाडी कशी हाकायची ते त्यांनीच त्याला शिकवलं, आणि तेव्हापासून मनातल्या मनात ते त्याचे अर्लकाका झाले. गेल्या महिन्यात मॉलमध्ये बघतो तर काय, काका टेबलाशी बसून फोटोंवर सह्या करताहेत आणि समोर ही लांबलचक रांग! "एका चेंडूमुळे लोक मला ओळखतात," एवढंच काका म्हणाले होते. हरलेल्या माणसाच्या सहीसाठी रांगेत कोण उभं राहतं? म्हणजे हेच हिरो, असं बुद्धभूषणने धरून टाकलं आणि तिथल्या तिथे आमंत्रण दिलं.

"काय करून बसलात हो!" त्याची बायको उपासना स्टेजच्या पायरीशी येऊन पुटपुटली. "चारचौघांत म्हाताऱ्या माणसाची शोभा केलीत."

बुद्धभूषणला ती शारजाची क्रिकेट फायनल आठवली. शेवटच्या चेंडूवर सिक्सर बसला आणि आपण हरलो, तेव्हा त्यानेही टीव्हीसमोर बसून बोलरच्या नावाने बोटं मोडली होती, चांगली आठवडाभर. मग आज आपण काय केलं? मान दिला की थट्टा केली? माफी मागायची की कार्यक्रम पुढे रेटायचा? आणि ते रांगेतले लोक तरी कौतुकाने येतात की मजा बघायला? त्याचं डोकंच चालेना.

"सॉरी, अर्ल," तो इंग्रजीत म्हणाला. "मला वाटलं, तो तुम्हीच मारला होता."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. आता हे उठून जाणार, पुन्हा आपल्याशी बोलणारही नाहीत, असं बुद्धभूषणला वाटलं.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," काका हळूच म्हणाले. "वाटलं, तुमच्या लोकांत हरलेल्यालाही मान देत असतील."

बुद्धभूषणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे सुचलं ते तो बोलून गेला.

"त्याच्या आधीचे चेंडू कसे पडले होते?"

माइक चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकलं.

काका त्याच्याकडे वळले. "आधीचे? छत्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही."

आणि ते सांगू लागले. पहिल्या इनिंगमध्ये बाद केलेले तिघे, एकेकाचं नाव घेऊन. मग दुसरी, तिसरी. हर्षिता उठून स्टेजजवळ आली आणि आज्जी-मावश्यांना मोडक्यातोडक्या मराठीत समजावू लागली. काका उभे राहिले, चेंडू कसा धरायचा ते त्यांनी बोटं वळवून दाखवलं. आठ इनिंग्जमध्ये अकरा जण तर चेंडू मारताच न आल्याने हात हलवत परत गेले होते. जेवण निवत होतं, पण कुणी हललं नाही.

"आणि मग नववी, शेवटची," काका म्हणाले आणि थांबले.

पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे बुद्धभूषणला कळेना. काकांची बोटं अजून त्या नसलेल्या चेंडूभोवती वळलेली होती. त्यांनी ती सावकाश उघडली.