तपकिरी कोटामागचा नंबर

मिरोस्लावाने पुलाच्या अलीकडच्या तपासणी नाक्यावरच्या पत्र्याच्या खोलीचं दार पुन्हा ठोठावलं. सूर्यफुलाच्या बिया सोलत एक सैनिक बाहेर आला.

“मघाशी हेन्नादी नावाच्या माणसाला आत नेलंत. तपकिरी कोटवाला.”

“असा कोणी आलाच नाही, ताई.”

रांगेत माणसं किती ताटकळतात, त्यांना प्यायला पाणी मिळतं का, एवढंच बघणं तिच्यासारख्या स्वयंसेवकांचं काम. पण मागच्या महिन्यात एकाबद्दल हेच उत्तर मिळालं होतं आणि तो माणूस अजून सापडला नव्हता.

“तुम्ही पाहिलंत ना त्याला?” तिने रांगेला विचारलं.

सगळ्यांच्या माना खाली. लढाईने गावाचे दोन तुकडे केल्यापासून पेन्शन पुलापलीकडे मिळायची. पुढच्या महिन्यात पुन्हा इथूनच जायचं, मग पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? तिला त्यांचा संताप आला. पण पुन्हा दार ठोठावायला तीही पुढे झाली नाही.

“पुढचा!” सैनिकाने आत जाऊन कागद तपासायच्या खिडकीतून हाक दिली.

सबंध सकाळ नंबरावरून भांडणारी रायसा आजी जागची हलली नाही.

“चला आजी, तुमचा नंबर.”

“माझा कसा? आल्या आल्या मी विचारलं, शेवटचं कोण? तपकिरी कोटवाला म्हणाला, मी. त्याचं झाल्यावर माझा.”

“तो रांगेत नाहीये.”

“नसेना का. येईल.”

सैनिक हसला. “बरं, आजीच्या मागचं कोण?”

“मी,” काठीवाले आजोबा पुटपुटले. “पण आजींच्या आधी कसा येऊ?”

“मी आजोबांच्या मागे,” एक बाई म्हणाली.

खोलीचं नाव कुणी काढलं नाही. खिडकीपाशीही कुणी गेलं नाही. सैनिकाचं हसू मावळलं. तो खिडकीपासून उठून आतल्या बाजूला गेला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दार उघडलं. हेन्नादी बाहेर आला. कोट हातात, एका पायात बूट नव्हता.

“कुठे उलथला होतात?” रायसा खेकसली. “सगळ्यांचा खोळंबा!”

तिने त्याची बाही घट्ट धरली होती.

“पुढचा!”

हेन्नादीला खिडकीकडे पाऊल टाकवेना. रायसाने त्याच्या हातात हात अडकवला.

“चला,” ती म्हणाली, “आज आपल्या दोघांचा एकच नंबर.”