मी दाबून बसत नाही

मी एक जुनी गाठ आहे. हाडाची. मित्रांनो, नाक मुरडू नका. मीही कुणाच्या तरी अंगावरच लहानाची मोठी झाले. केळव्याच्या समिधाच्या उजव्या गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड आहे. त्या हाडावर मी उगवले तेव्हा ती आठ वर्षांची होती. हाडावर हाड आणि वर मऊ कूर्चेचं टोपडं, एवढाच माझा संसार. ती वाढली तशी मी वाढले. तिची उंची थांबली की मीही थांबले असते. कुणाच्या जिवावर उठणं माझ्या रक्तात नाही.

पण माझं स्वागत झालं ते शिव्यांनी. समिधाची आई मंगला माझ्यावर बोट फिरवून "मेली कुठून उपटली!" म्हणायची. शेजारची सुलूकाकी तर दारातूनच ओरडली, "कॅन्सर असंल गो! पोरीचं लगीन कसं व्हायचं?" सहा वर्षं गपगुमान बसले होते आणि हा आळ! त्या बाईचा आवाज आला की माझं डोकं फिरायचं.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझी बाजू घेतली. "ही साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. फक्त हिच्यावरून एक नस जाते, पाऊल वर उचलणारी. म्हणून चोळू नका, दाबू नका. पायाला मुंग्या आल्या तर त्याच दिवशी या. नाहीतर सहा महिन्यांनी दाखवा."

समिधाचे वडील दिनानाथ यांची पानवेलीची वाडी. जन्म वेली बांधण्यात गेलेला. वाकडं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. "काय करू नका म्हने! मंग डॉक्टर कशाला हाय?" असं म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर चपटा दगड ठेवला आणि केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, करकचून आवळला. वेल बांधताना हाच माणूस आत बोट जाईल एवढी जागा ठेवतो. लेकीच्या पायाला तेवढीही ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी समिधा म्हणाली, "बाबा, पायाला मुंग्या येतात."

"येतात ना? म्हंजे लागू पडतंय."

संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अंगठा बधिर झालाय, सोडा ना."

"सोस जरा. बसतेय ती."

बसतेय कसली! हाड कधी दाबून बसतं का? मी तसूभर हलले नाही. वर दगड, खाली मी आणि मधे ती बिचारी नस. खरं सांगते, मला तेव्हा राग होता. म्हटलं, भोगा आपल्या कर्माची फळं. फळं कोण भोगणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पाचव्या दिवशी समिधा उठली तर पाऊल लोंबत होतं. पायात चप्पल राहीना. ओट्याच्या पायरीला बोटं अडखळून ती तोंडावर पडली.

मग कुठे दगड सुटला आणि पालघरला ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी नस मोकळी केली, मला काढून बरणीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी बरणी दिनानाथांच्या हातात दिली. "बोईसरच्या लॅबमध्ये तपासायला देऊन या."

दिनानाथ माझ्याकडे दात खाऊन बघत होते. "हिनंच माज्या पोरीचा पाय नेला!"

"हिने नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या दगडाने."

हे ऐकायला मी किती आतुर होते! पण तेवढ्यात बाई खाटेकडे वळल्या. "समिधा, पाऊल उचल बघू." समिधाने डोळे मिटले, ओठ चावला, कपाळावर घाम आला. पाऊल होतं तिथेच राहिलं. बाई म्हणाल्या, "महिने लागतील. कदाचित पूर्ण परत येणारही नाही."

समिधा रडली नाही. तिने मान वळवली. "बाबा, मी तुमाला तीनदा सांगितलं होतं."

दिनानाथांनी मला खाटेच्या कडेला ठेवलं आणि लेकीचं पाऊल दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. मला त्या माणसाची कीव यायला हवी होती. आली नाही.

मित्रांनो, अंगावर माझ्यासारखी कुणी दिसली तर खुशाल शिव्या द्या, पण डॉक्टरला दाखवा आणि ते सांगतील तेवढंच करा. आणि घरातलं लेकरू "दुखतंय, सोडा" म्हणालं तर आधी सोडा, मग हवं ते बोला. समिधाचं पाऊल अजून उचललं जात नाही.