बरगडीवरची कातडी

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. पिंपळगाव राजाच्या मनकर्णाबाईचा कुत्रा, भुऱ्या, कापूस वाहणाऱ्या बंडीच्या चाकाखाली आला. पुढच्या पायाचं हाड शाबूत राहिलं, पण कोपराखालची कातडी मोज्यासारखी उतरली. बाईनं त्याला गोधडीत गुंडाळून ढोरांच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर शेषराव मुंबईला शिकून आलेले. त्यांनी जखम धुतली आणि सांगितलं, एवढ्या उघड्या मांसावर कातडी येणार नाही, पाय कापावा लागेल.

मनकर्णाबाई शेतातल्या झोपडीत एकटी राहायची. रानडुकरं ज्वारीत शिरली की भुऱ्याच त्यांना पिटाळायचा.

"दुसरा उपाय असन त सांगा," एवढंच म्हणाली.

उपाय शेषरावांनी कॉलेजात पाहिला होता, स्वतः कधी केला नव्हता. बरगडीवरची कातडी खिशासारखी सोडवायची, पाय त्यात घालून शिवायचा. कातडीनं पायावर मूळ धरलं की बरगडीपासून ती कापून घ्यायची. पण तोवर पाय अंगाशी बांधलेला राहणार, आणि कुत्रं ते सहन करणार नाही.

"त्याले मी धरीन," बाई म्हणाली. "तुम्ही शिवा."

शेषरावांनी भूल देऊन पाय शिवला. बाई दवाखान्याच्या ओट्यावरच राहिली. भुऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला दुधात कुस्करलेली भाकर भरवायची. कुत्र्यापायी शेत सोडून बसली म्हणून लोक हसले.

काही दिवसांनी भुऱ्यानं झटका दिला. एका बाजूचे टाके तुटले, कातडीची कड काळी पडली. शेषराव खचले. आता पाय कापूनच टाकू, म्हणाले.

"बाकीची जित्ती हाय काय?" बाईनं विचारलं.

त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. पांढरी पडलेली जागा पुन्हा लाल झाली.

"हो, जिवंत आहे."

"मंग काऊन सोडायची?"

शेषरावांनी काळी कड छाटली आणि पुन्हा टाके घातले. या वेळी कातडीनं मूळ धरलं. ती एकदम न कापता त्यांनी अर्धी अर्धी करून सोडवली. पाय मोकळा झाला, पण लाकडासारखा ताठ. मनकर्णाबाई रोज तेल लावून तो हळूहळू वाकवायची. होळीच्या सुमारास भुऱ्यानं तो जमिनीवर टेकला.

शेषराव मुद्दाम शेतात पाहायला गेले. तपकिरी पायावर बरगडीचे पांढरे केस उगवले होते. नव्या कातडीला जाण आली का ते पाहायला त्यांनी तिथं हलकेच सुई टोचली. भुऱ्यानं पाय ओढून घेतला आणि त्यांच्यावर गुरगुरला.

"चावन हो तो," बाई म्हणाली.

"चावू द्या," शेषराव म्हणाले, आणि तिथंच शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून हसू लागले.