अप्पांच्या नावाचा फोन

दुकानदाराने सिम घातलं, फोन चालू केला, पडद्यावरची ओळ वाचली आणि फोन तिच्या हातात परत दिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"कुलूप आहे बाई याला. तुमच्या तिकडच्या कंपनीने लावलेलं. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं सिम हा पोटात ठेवायचा नाही."

"मग काढा की कुलूप."

"ते ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मी हात घातला तर फोनचा दगड होईल. नवीनच घ्या ना, हा बघा, अगदी स्वस्तात आहे."

नवीन घ्या! त्या आठवड्यात हे तिला ज्याने त्याने ऐकवलं होतं. घरमालकिणीने ऐकवलं, कामावरच्यांनी ऐकवलं, आणि दिवसभर जिन्यात बसणाऱ्या शेजारच्या आजोबांनीही ऐकवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने केस मागे सारले आणि कानामागचं यंत्र दुकानदाराला दाखवलं. दोन्ही कानांत होती. लहानपणी ताप आला आणि जाताना तिचं निम्मं ऐकणं घेऊन गेला. समोरासमोर बोलणारा माणूस तिला कळायचा, पण फोन कानाला लावला की नुसती खरखर. हा एकच फोन असा होता, की त्यातला आवाज थेट यंत्रांत उतरायचा. ती यंत्रं आणि हा फोन यांचीच जोडी जमत होती, आणि दुसरा तसला फोन घ्यायचा म्हणजे अंगावरचं विकायला काढायचं.

"असं आहे होय," दुकानदार ओशाळून म्हणाला. "मग कंपनीच्याच मागे लागा. सोडू नका."

सोडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. असतं तर ती लिफ्टच्या कामात कशाला शिरली असती? तिच्या माहेरी कोणी लिफ्टमध्ये बसलंही नव्हतं, आणि ही पोरगी लिफ्टच्या डोक्यावर उभी राहून काम करायची. नव्या देशातल्या नव्या कामावर सगळे तिला 'लिफ्टवाली' म्हणायचे. तसे तिथे सगळेच लिफ्टवाले होते, पण बाई ही एकटीच.

काम तिला येत होतं, त्याबद्दल फोरमनचीही तक्रार नव्हती. घोडं पेंड खात होतं ते फोनपाशी. लिफ्टमध्ये माणूस अडकला आणि त्याने आतलं घंटीचं बटण दाबलं, की फोन थेट ड्युटीवरच्या मेकॅनिकला लागायचा. मेकॅनिकने त्याला धीर द्यायचा आणि हत्यारांची पेटी उचलून धावायचं. रस्त्यात असो, बाजारात असो, फोन लागलाच पाहिजे. तिचा फोन खोलीतल्या वायफायवर चालायचा आणि उंबऱ्याबाहेर पडला की मुका व्हायचा.

"बाई, मी तुमच्या वाईटावर नाही," फोरमनने तिला समोर बसवून सांगितलं होतं. "पण आत कोंडलेला माणूस बोंबलत असेल आणि तुमचा फोन लागत नसेल, तर मी कोणाला तोंड दाखवू? महिनाअखेरपर्यंत इथला नंबर चालू करून दाखवा. नाव ड्युटीला लावतो आणि तुम्हाला कायम करतो. नाहीतर वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून राहा. काम तेही वाईट नाही."

काम वाईट नव्हतं, पण मदतनीसाला घरचं माणूस आणायची परवानगी नव्हती. कायम झालेल्यालाच नवरा आणि मूल आणता यायचं. आणि तिची ठमी पहिलीत होती. आई परदेशी निघाली तेव्हा तिचे पुढचे दोन दात हलत होते, आता ते पडून नवे डोकावायला लागले होते, आणि हे सगळं आईने पाहिलं ते तळहाताएवढ्या पडद्यावर. तिला फोन हवा होता तो एवढ्यासाठी.

आता हा फोन कंपनीच्या कुलपात अडकला कसा, तर त्याचं मूळ घरातच होतं. तिच्या सासरी कुठलीही वस्तू आली की ती अप्पांच्या नावावर घ्यायची, असा रिवाजच होता. वीज अप्पांच्या नावाची, गॅस अप्पांच्या नावाचा, नवऱ्याच्या ट्रकची कागदपत्रंही अप्पांच्या नावाची. अप्पा म्हणजे तिचे सासरे. त्यांची सगळी नोकरी त्याच टेलिफोन कंपनीत लाइनमन म्हणून गेलेली. जुन्या नोकरांना कंपनी हप्त्यावर फोन द्यायची, तेव्हा सुनेचा फोनही अप्पांच्याच नावावर आला. हप्ते कधीच फिटले होते, पण कुलूप तसंच राहिलं, कारण असं काही कुलूप असतं हेच घरात कोणाला माहीत नव्हतं.

तिने कंपनीला वायफायवरून फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलायची आणि ताकास तूर लागू द्यायची नाही.

"मॅडम, फोन ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच अर्ज करायचा."

"ते माझे सासरे आहेत. मीच वापरते हा फोन."

"बरोबर आहे मॅडम. त्यांनाच अर्ज करायला सांगा. कोड त्यांच्या नंबरवर येईल. तो तुम्ही फोनमध्ये घातला की कुलूप निघेल."

तिने अप्पांना सांगितलं. अप्पांनी अर्ज केला, अर्जाचा क्रमांकही नीट वाचून दाखवला. मग रोज संध्याकाळी ती विचारायची, "आला का हो कोड?" आणि अप्पा म्हणायचे, "कंपनीचं काम आहे सूनबाई. मोठा कारभार. येईल."

नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. तो वाटेतून म्हणाला, "अप्पा बघताहेत ना? मग झालं." अप्पांच्या शब्दाबाहेर जायची त्याला सवयच नव्हती.

महिना उतरणीला लागला. कामावर मदतनीसाचा निळा अंगरखा तिच्या खुंटीला कोणीतरी आधीच लावून ठेवला. मुद्दाम नसेल, पण तिला झोंबायचं ते झोंबलंच. तिने तो काढला, घडी केला आणि फोरमनच्या टेबलावर नेऊन ठेवला. "अजून महिना संपलेला नाही," एवढंच ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने कंपनीच्या मुलीला पुन्हा गाठलं आणि अर्जाचा क्रमांक सांगितला.

"मॅडम, हा अर्ज तर पूर्ण झालाय."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे कोड गेलाय. बरेच दिवस झाले. मिळाला नाही का तुम्हाला?"

तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाने मेसेज पाहिला नसेल. तिने लगेच घरी व्हिडिओ लावला. फोन ठमीने धरला होता, त्यामुळे आधी छत दिसलं, मग पंखा, मग अप्पा.

"अप्पा, कंपनीचा मेसेज आलाय बघा. त्यात कोड आहे."

"आलाय," अप्पा म्हणाले. "पण तो सांगायचा नसतो."

"काय?"

"तूच शिकवलंयस. आलेला कोड कोणालाही सांगायचा नाही. पोलीस म्हणाला तरी नाही, बँकवाला म्हणाला तरी नाही. मीसुद्धा मागितला तरी देऊ नका, म्हणाली होतीस."

खरंच म्हणाली होती. शेजारच्या मास्तरांना कोणीतरी फोनवरून गंडवलं, तेव्हा तिने अप्पांना समोर बसवून चार वेळा घोकून घेतलं होतं. गुरूची विद्या गुरूलाच! तिला हसू फुटलं.

"अहो अप्पा, पण मी दिसतेय ना तुम्हाला समोर?"

"हल्ली चेहरेही खोटे करतात म्हणे."

"बरं, विचारा मला काहीही."

"माझं कुठलं ढोपर दुखतं?"

"दोन्ही दुखतात. पण डॉक्टरपुढे तुम्ही एकाचंच सांगता."

ठमी खिदळली. अप्पांनाही हसावं लागलं. "तूच आहेस," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघायला लागले. "आता चष्मा कुठे गेला कोण जाणे. सापडला की वाचतो."

"अप्पा, चष्मा तुमच्या नाकावर आहे."

यावर कोणी हसलं नाही. अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "ठमे, जा, कुंड्यांना पाणी घालून ये," ते म्हणाले. ठमीने फोन त्यांच्या हातात दिला आणि ती गेली. आणि तेव्हा सुनेच्या ध्यानात आलं, की कोड कुठे अडला होता.

"तुम्ही लपवलात," ती म्हणाली.

अप्पा चष्म्याची काडी चाचपत राहिले.

"अप्पा, मी इथे दुकानं पालथी घालतेय. माणसांपुढे हात जोडतेय. माझ्या खुंटीला मदतनीसाचे कपडे लागले. आणि तुम्ही कोड खिशात घालून बसलात?" तिला राग आला होता, आणि तो दाबायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"कोड दिला की तू कायम होणार," अप्पा म्हणाले. "तू कायम झालीस की ठमी जाणार. तिचा बापही जाणार. मला काही तिकडे येता येत नाही, तुमच्या त्या नियमात सासरा बसत नाही. हिची आजी गेल्यापासून या घरात आवाज आहे तो त्या एका पोरीचा. मी काय करावं, तूच सांग."

 हा माणूस वाईट नव्हता. ती निघाली तेव्हा सगळं गाव नावं ठेवत होतं, आणि हाच एकटा म्हणाला होता, जा, पोरीला मी बघतो. त्याने बघितलंही. वेणी घालायला शिकला, डबा करायला शिकला. ते आठवलं आणि तिचा राग उतरला, पण हट्ट काही उतरला नाही.

"अप्पा, तुम्हाला त्रास होणार आहे. मी नाही म्हणत नाही. त्यावर माझ्याकडे औषध नाही," ती म्हणाली. "पण मी तिची आई आहे. तुम्ही कोड नाही दिलात तर मी मदतनीस होईन, पुढच्या वर्षी पुन्हा कायम व्हायला धडपडेन, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पोरीला मी आणणारच. फक्त तोवर तिला आईची गरज राहणार नाही. मी तुमच्याकडे परवानगी मागत नाही. कोड मागतेय."

अप्पांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते पडद्यावर कळलं नाही. मग त्यांनी फोन बंद केला.

नवऱ्याला सांगून अप्पांच्या फोनमधून कोड काढून घेता आला असता. फेरीवरून आला की एका मिनिटाचं काम. तिने तसं केलं नाही. ज्या घरात पोरगी राहत होती, त्या घरात चोरी नको, मागूनच घ्यायचं, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला, कोणी उचलला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिने रोजच्या वेळेला लावायचं सोडलं नाही.

महिना संपता संपता, सकाळी डबा भरताना, अप्पांच्या आवाजातला निरोप आला. ना सूनबाई, ना खुशाली. नुसते आकडे. जुन्या लाइनमनसारखा एकेक आकडा दोनदा, मध्ये थांबून. शेवटचा आकडा त्यांनी तिसऱ्यांदाही सांगितला.

तिने कोड घातला. पडद्यावरची ती ओळ गेली, आणि कोपऱ्यात इथल्या कंपनीचं नाव उमटलं. तिने नवा नंबर आधी अप्पांना पाठवला, मग नवऱ्याला, मग फोरमनला.

फोरमन वस्ताद माणूस. "नंबर दिसतो, ठीक आहे. पण ऐकू येतं का ते बघू," म्हणाला, आणि तिला वर्दळीच्या चौकात उभं करून स्वतः समोरच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये जाऊन बसला. गाड्या भोंगे वाजवत होत्या, कोणी रस्ता खणत होतं. तिच्या कानांत फोन वाजला.

"अगं बाई गं, मेलो, मेलो! श्वास कोंडला!" फोरमन आतून ओरडत होता. नाटकात काम करायची त्याला फार हौस असावी.

"घाबरू नका," ती म्हणाली. "लिफ्ट खाली पडत नसते. दाराला हात लावू नका. हवा भरपूर आहे, नाहीतर एवढं ओरडता आलं नसतं. नाव सांगा, आणि बोलत राहा. मी निघाले."

फोरमन बाहेर आला तो हसतच. "मरणाऱ्या माणसाला असं बोलतात का? उद्यापासून ड्युटीला या. कायमच्या कागदावर आजच सही करतो."

ती हो म्हणते न म्हणते तोच फोन पुन्हा वाजला. तिला वाटलं, आता खरोखरच कोणी अडकलं. पण नंबर घरचा होता. वायफायवरचा नाही, साधा फोन, थेट परदेशी लावलेला.

"लागला?" अप्पांनी विचारलं.

"लागला, अप्पा."

"नीट ऐकू येतंय?"

"अगदी नीट. तुमच्या मागे ठमी पाढे म्हणतेय, तेही येतंय."

अप्पांनी ठमीला जरा हळू म्हणायला सांगितलं. 

"तिच्या पासपोर्टला उद्या जातोय," ते म्हणाले. "तिच्या बापाचं काही खरं नाही, तो आज येतो म्हणेल आणि चार दिवसांनी उगवेल. रांगेत मीच उभा राहतो."