पीळ गेलेला सोन्याचा द्राव

मी एक जुना सोन्याचा द्राव आहे, मित्रांनो. जळगावात असूनही माझा कधी दागिना झाला नाही. माझे कण डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, आणि प्रत्येकाला एकाच बाजूचा पीळ. मेघाताईने मला इथल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घडवलं. ती सावद्याच्या केळीवाल्यांची लेक, चिकाटीची. पंधरा वेळा मी बिघडलो, सोळाव्या वेळी छान निळा जमलो.

माझं काम ऐका. औषधांच्या रेणूंत पुष्कळदा चपलांसारखी जोडी असते, एक डावा आणि एक उजवा. हवा असतो एकच. एरवी दोन्ही निम्मे निम्मे तयार होतात, पण माझ्या पिळापाशी शंभरात नव्वद उजवेच व्हायचे. मेघाताई मला लाडाने ‘हट्टी’ म्हणायची आणि मी बाटलीतल्या बाटलीत फुगायचो.

तिच्या सरांना मात्र पटेना. “पिळामुळेच कशावरून? कणांना पीळ द्यायला वापरलेलं आम्ल त्यांच्यावर चिकटलंय, तेही एकाच बाजूचं. त्याचीच करामत असेल,” ते म्हणत. या प्रश्नावर तिचा प्रबंध अडून बसला होता.

मे महिन्यात वीज गेली, मला ठेवलेला फ्रिज बंद पडला. धुळ्याकडचे शिपाई चुडामणभाऊ बघतात तर माझ्या बाटलीला घाम! त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीला ओल धरली की ऊन दाखवतात. त्यांनी मलाही गच्चीवर नेलं, तोंडाला पांढरं फडकंसुद्धा बांधलं. दोन दिवस जळगावचं ऊन खाऊन माझा सगळा पीळ सुटला. कण गोल झाले, निळा रंग जाऊन मी तांबूस झालो.

“ताई, बाटलीले वल धरेल व्हती. मी ऊन दखाडं,” भाऊ कावरेबावरे झाले.

मेघाताई रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “असू द्या भाऊ. तुम्ही मायेनेच केलंत.”

मला ओतून द्यायला तिने बाटली उचलली, आणि तशीच थांबली. माझ्यावरचं आम्ल शाबूत आहे ना, ते तिने तपासलं आणि मला पुन्हा कामाला लावलं. पन्नास डावे, पन्नास उजवे! मी लाजेने अर्धा झालो. ही बाई मात्र चक्क नाचायला लागली.

“भाऊ, सोनं तेच, आम्ल तेच. गेला तो फक्त पीळ! सरांना उत्तर मिळालं!”

आता तिचा नवा निळा द्राव काम करतो. वीज गेली की चुडामणभाऊ त्याला माठाखालच्या ओल्या वाळूत बसवतात. मी कपाटात असतो, अंगावर मेघाताईच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘टाकू नये.’

मित्रांनो, जीव लावा, पण ज्याला लावता त्याला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. आणि कुणी बिघडलं, तर ओतून देण्याआधी एकदा कामाला लावून बघा. मेघाताईने बघितलं, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय.