पत्र्याआडचं तळं

मॉडेलवर कुठेतरी पाणी दाखवायचंच, ही आमच्या धंद्याची रीत. मी इमारतींची छोटी मॉडेलं करतो. पुठ्ठा, गोंद आणि चकचकीत निळा कागद. निळं दिसलं की भलेभले विरघळतात.

माझी थोरली बहीणही विरघळली. माझंच मॉडेल बघून तिनं तळ्याकाठच्या वसाहतीत घर घेतलं. तळं पत्र्यांच्या कुंपणाआड आहे, काम संपलं की उघडणार, असं बिल्डर सांगतो. बोअर मात्र आटलंय. ताई कपड्यांचं बोचकं घेऊन धुवायला आमच्याकडे येते आणि वर हसते, "भाऊ कशाला असतो रे?" मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारण गेल्या महिन्यात मापं घ्यायला मी पत्र्याआड गेलो होतो. आत नुसता राडारोडा. तळं केव्हाच बुजवलंय. तरी दुसऱ्या टप्प्याच्या मॉडेलवर मी निळा कागद चिकटवला. सवयीनं, असं स्वतःला सांगितलं. सवय कसली? बिल्डरनं सांगितलं आणि मी मान डोलावली.

आज त्या टप्प्याची सुनावणी होती. मॉडेल घेऊन मीही हजर होतो. ताई पहिल्याच रांगेत. उठून तिनं ठणकावलं, "साहेब, आम्हालाच पाणी पुरत नाही. आणखी टॉवर कुणाच्या जिवावर बांधता?"

नगररचना अधिकाऱ्यांनी मॉडेलवर बोट ठेवलं. "बाई, एवढं मोठं तळं आहे की. जमिनीत पाणी मुरेल, बोअर पुन्हा भरतील."

"कसलं तळं? थापा आहेत सगळ्या!" मागून ताईचा एक शेजारी ओरडला.

ताई गर्रकन वळली. "तोंड सांभाळून बोला. हे माझ्या भावानं केलंय. तो स्वतः आत जाऊन मापं घेऊन आलाय. त्यानं तळं दाखवलंय म्हणजे आहेच." मग अधिकाऱ्यांकडे बघून हळूच म्हणाली, "तळं असेल तर माझी हरकत नाही, साहेब." आणि खाली बसली.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मी पुढे झालो आणि कागदाचा कोपरा नखानं उचकटू लागलो. गोंद माझाच, पक्का, निघता निघेना. सगळं सभागृह बघत होतं.

"अहो, काय करताय?"

"तळं नाहीये, साहेब. मी पाहिलंय."

कागद टरकन फाटला. खाली पांढरा पुठ्ठा.

मागचा शेजारी हसला. ताईनं मान खाली घातली होती. माझ्यापायी तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.